सिड बॅरेटचा 'द मॅडकॅप लाफ्स' आणि त्याची 1993 ची आवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एरंडवण्यात आमच्या घरी दर महिन्याला एका रविवारी दहा-बारा मंडळी जमतात आणि एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न बोलता ऐकतात. त्यात सवाईला तिन्हीत्रिकाळ हजेरी लावणारे आहेत, कॉलेजात बँड वाजवणारे आहेत आणि 'इंग्रजी गाणी आम्हाला कळत नाहीत' म्हणत येऊन सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारे एक काकाही आहेत. सिड बॅरेट लावला की प्रश्नांची सरबत्ती होते आणि ते प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. या अल्बमवर माझा फार जीव आहे. लोक तो भलत्याच कारणासाठी ऐकतात, त्याचा मला त्रास होतो. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहून ठेवली आहेत.

सिड बॅरेट म्हणजे नेमका कोण?

पिंक फ्लॉइडचा पहिला गायक, गिटारवादक आणि सुरुवातीच्या बहुतेक गाण्यांचा कर्ता. जन्म केंब्रिजमध्ये 6 जानेवारी 1946 चा, खरं नाव रॉजर कीथ बॅरेट. बँडचा पहिला अल्बम ऑगस्ट 1967 मध्ये आला, त्यातली जवळजवळ सगळी गाणी त्याची होती. वर्षभराच्या आतच त्याला मंचावर उभं राहणं जड जाऊ लागलं. मदतीला म्हणून डेव्हिड गिल्मरला घेतलं आणि एप्रिल 1968 मध्ये सिड बँडमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे जे पिंक फ्लॉइड घरोघरी पोचलं, म्हणजे 1973 चं 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 1979 चं 'द वॉल', त्यात तो नाही. त्यामुळे पुण्यातल्या भल्याभल्या फ्लॉइडभक्तांनाही त्याचा आवाज ओळखीचा नसतो.

हा अल्बम केव्हा आणि कसा तयार झाला?

प्रकाशन 3 जानेवारी 1970, ईएमआयच्या हार्वेस्ट या लेबलवर. 13 गाणी, सुमारे 38 मिनिटं. एवढ्या छोट्या अल्बमला एवढे हात लागलेले क्वचितच दिसतात. 1968 च्या उन्हाळ्यात फ्लॉइडचा जुना व्यवस्थापक पीटर जेनर याने लंडनच्या अॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत काम सुरू केलं, पण ते तडीला गेलं नाही. एप्रिल 1969 मध्ये हार्वेस्टचा प्रमुख माल्कम जोन्स याने स्वतः सूत्रं हातात घेतली. मग जून-जुलैमध्ये गिल्मर आणि रॉजर वॉटर्स आले, म्हणजे ज्या बँडमधून सिडला जावं लागलं त्याच बँडमधले दोघं. त्यांनी स्वतःच्या कामातून वेळ काढून उरलेलं पुरं केलं.

ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेकॉर्डची पहिली बाजू जवळजवळ सगळी जोन्सची आहे, 'डार्क ग्लोब' तेवढं गिल्मर-वॉटर्सचं. दुसरी बाजू जवळजवळ सगळी गिल्मर-वॉटर्सची, शेवटचं 'लेट नाइट' मात्र आधीचं, त्याची मुळं थेट 1968 मध्ये जातात. पहिली बाजू सजवलेली वाटते आणि दुसरी उघडीवाघडी, असं आमच्याकडे दरवेळी कोणी ना कोणी म्हणतं. त्याचं कारण हे आहे.

नावाचा अर्थ काय?

'ऑक्टोपस' या गाण्यातल्या एका ओळीवरून ते घेतलं आहे. त्यात कसलंही गूढ शोधत बसू नका.

ताल चुकलाय का? माझ्या कानाला तो सारखा घसरतो.

सवाईकर मंडळींचा हा हमखास प्रश्न. प्रश्न रास्तच आहे, म्हणून थोडं खोलात जाते.

विलंबित ख्यालात गवई वाटेल तितका तरंगतो, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जागची हलत नाही. तबलजी ठेका धरून बसलेला असतो आणि गवई कुठेही भटकला तरी समेवर येणार याची सगळ्यांना खात्री असते. ऐकण्यातला निम्मा आनंद त्या खात्रीत असतो. सिडच्या गाण्यात सम हीच हलती आहे. ओळीत शब्द जास्त असले तर तो एक-दोन मात्रा वाढवतो, कमी असले तर कापतो. पुढच्या कडव्यात तीच ओळ पुन्हा वेगळ्या मापाने येते. गिटार त्याच्याच हातात असल्यामुळे स्वतःची साथ स्वतः करताना त्याचं काही अडत नाही. शब्द थांबला की हात थांबतो, शब्द निघाला की हात निघतो. 'टेरापिन' ऐकताना फक्त उजव्या हाताच्या ठोक्यांकडे लक्ष द्या. गाणं पाच मिनिटांच्या वर आहे आणि ड्रम नाहीत. पहिल्या दोन कडव्यांत मात्रा मोजत बसाल, पण मन लावून ऐकलंत तर तिसऱ्यापर्यंत मोजणं आपोआप सुटतं.

पंचाईत होते ती साथीदारांची. सहसा आधी ताल ध्वनिमुद्रित करतात आणि त्यावर आवाज चढवतात. इथे बऱ्याच ठिकाणी उलटं झालं, आधी सिड एकटा गाऊन-वाजवून गेला आणि साथ मागाहून त्यावर बसवली. 'नो गुड ट्राइंग' आणि 'लव्ह यू' या दोन गाण्यांवर सॉफ्ट मशीन बँडचे तिघं आहेत: रॉबर्ट वायट ड्रमवर, ह्यू हॉपर बेसवर, माइक रॅटलेज कीबोर्डवर. तिघंही विषम मात्रांत मुरलेले. वायटने नंतर सांगितलं आहे की गाण्याची पट्टी कुठली असं सिडला विचारलं तर तो नुसतं 'हो' म्हणायचा. 'नो गुड ट्राइंग'मध्ये ड्रम किंचित मागून येतात, जणू पुढची ओळ किती लांब असेल याचा अंदाज घेत. मला ती धडपड फार आवडते. आमच्या बैठकीत तबला शिकणाऱ्या एका मुलीने नेमकं तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं होतं आणि वायट प्रत्येक वेळी कुठे सावरतो ते बोटावर मोजून दाखवलं होतं.

'नो मॅन्स लँड' आणि 'हिअर आय गो' यांत साथीला जेरी शर्ली आणि विली विल्सन ही जोडी आहे. ती गाणी त्या मानाने सरळ चालतात.

दुसऱ्या बाजूला गाणं मध्येच तुटतं, कागद वाजतात, तो बोलतो. हे कापलं का नाही?

या अल्बमवरचा सगळ्यात जुना वाद हाच. 'शी टूक अ लाँग कोल्ड लुक'मध्ये शब्दांचे कागद उलटल्याचा आवाज येतो. 'इफ इट्स इन यू'च्या सुरुवातीला वरचा सूर लागत नाही, आवाज फाटतो, तो थांबतो, काचेपलीकडच्या लोकांशी दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा सुरू करतो. हे सगळं जसंच्या तसं रेकॉर्डवर आहे.

गिल्मरची बाजू अशी की सिड त्या दिवसांत खरोखर कसा होता ते लोकांना कळावं. माल्कम जोन्सला तयार अल्बम ऐकून राग आला होता. घरातली गोष्ट विनाकारण चव्हाट्यावर आणली, असं त्याचं म्हणणं होतं.

आमच्याकडे कोणीतरी लगेच म्हणतं, मैफलींच्या ध्वनिमुद्रणात तानपुरा जुळवणं असतं, खाकरणं असतं, बुवांनी तबलजीला दिलेली दाद असते, ते आपल्याला हवंच असतं ना? हवं असतं. पण तिथे गवई मैफलीचा मालक असतो, तो खाकरतो तेही स्वतःच्या मस्तीत. सिडचा आवाज फाटला तो क्षण ठेवायचा की नाही हे दुसऱ्यांनी ठरवलं. त्यामुळे माझं मत जोन्सकडे झुकतं. गिल्मर-वॉटर्स यांनी मेहनत घेतली, त्यांच्याशिवाय अल्बम पुरा झाला नसता, हे मान्य करूनही 'इफ इट्स इन यू'चं पहिलं अर्धं मिनिट मला आजही नको वाटतं. गाण्याला त्याची गरज नाही. कागदांचा आवाज मात्र राहू द्यावा, त्याने कोणाची अप्रतिष्ठा होत नाही.

तो वेडा होता का?

बैठकीत हा शब्द वापरू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. एलएसडीचं प्रमाणाबाहेर सेवन, विशी-बाविशीत अंगावर आलेली प्रसिद्धी आणि तिचं ओझं, हे सगळं खरं आहे आणि त्याच्या मित्रांनी ते सांगितलेलं आहे. त्याच्या मनाची अवस्था काय होती याचं निदान रेकॉर्ड ऐकून करणं हा आपला अधिकार नाही. शिवाय त्याने ऐकण्याचं नुकसानच होतं. एकदा 'वेड्याची गाणी' अशी चिठ्ठी चिकटवली की प्रत्येक वाढलेली मात्रा हे लक्षण वाटू लागतं आणि गाणं म्हणून काय चाललंय तिकडे कान जातच नाही. 1993 च्या आवृत्तीने मला याच बाबतीत मोठी मदत केली, त्याबद्दल पुढे आहे.

'गोल्डन हेअर' कोणाची कविता आहे?

जेम्स जॉइसची, 1907 च्या 'चेंबर म्युझिक' या संग्रहातली पाचवी. कवितेला चाल लावून गाणं ही आपल्याला घरची गोष्ट, त्यामुळे भावगीतांवर वाढलेल्या श्रोत्यांना हे गाणं पहिल्याच खेपेस भिडतं. जेमतेम दोन मिनिटांचं. गिटारचे मोजके सूर, मागे झांजेची हलकी सळसळ आणि जवळजवळ एकाच सुराभोवती फिरणारा आवाज. घरच्यांना अल्बमची ओळख करून द्यायची असेल तर इथून सुरुवात करा. 'डार्क ग्लोब'पासून करू नका. ते गाणं थोर आहे, पण त्यातला ताणलेला आवाज अनोळखी माणसाला पेलत नाही.

'द वॉल'मधल्या 'कम्फर्टेबली नम्ब'सारखं गिटार ऐकायला मिळेल का?

नाही. त्या अपेक्षेने आलात तर हिरमोड होईल. 'लेट नाइट'मधलं तारेवर सरकत जाणारं गिटार मात्र कान देऊन ऐका.

मुखपृष्ठावरची ती पट्ट्यापट्ट्यांची जमीन?

लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातल्या वेदरबी मॅन्शन्स इमारतीतली सिडची खोली. लाकडी फळ्या त्याने स्वतः एकाआड एक नारिंगी आणि जांभळ्या रंगवल्या होत्या. जमीन न झाडताच रंग मारला, त्यामुळे धूळ आणि सिगारेटची थोटकं रंगाखाली तशीच राहिली, असं सांगतात. छायाचित्रं मिक रॉकची, मांडणी स्टॉर्म थॉर्गरसनच्या हिप्नोसिस या संस्थेची, ज्यांनी पुढे फ्लॉइडची गाजलेली मुखपृष्ठं केली. सिडसोबत त्या घरात राहणारा चित्रकार डग्गी फील्ड्स पुढे आयुष्यभर तिथेच राहिला. सिड मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. या फोटोत सामान जवळजवळ नाही, उकिडवा बसलेला माणूस आणि त्याने रंगवलेली जमीन, बास. गाण्यांतली मोकळी जागा मला इथेही दिसते.

अल्बम चालला का?

ब्रिटनच्या यादीत चाळिसावा क्रमांक. पडला म्हणता येत नाही, गाजला असंही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'बॅरेट' हा दुसरा अल्बम आला आणि तिथे त्याची स्वतंत्र कारकीर्द संपली. 6 जून 1970 ला लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात गिल्मर आणि जेरी शर्ली यांच्या साथीने त्याने कार्यक्रम केला आणि चार गाण्यांनंतर अचानक गिटार खाली ठेवून निघून गेला. पुढे तो केंब्रिजला परतला, चित्रं काढली, बाग केली आणि 7 जुलै 2006 रोजी वारला. 1974 मध्ये अमेरिकेत दोन्ही अल्बम एकत्र करून जोड-रेकॉर्ड काढली होती, म्हणजे कंपनीला त्याच्या नावात तेव्हाही काहीतरी दिसत होतं.

1993 ची आवृत्ती म्हणजे नक्की काय?

'क्रेझी डायमंड' नावाचा तीन सीडींचा संच: 'द मॅडकॅप लाफ्स', 'बॅरेट' आणि 1988 मध्ये निघालेला शिल्लक गाण्यांचा 'ओपेल'. तिन्हींच्या शेवटी न वापरलेले टेक जोडले, टेक म्हणजे त्याच गाण्याचं एकेका वेळचं ध्वनिमुद्रण. नंतर त्या सीडी सुट्याही मिळू लागल्या. 'मॅडकॅप'मध्ये मूळ 13 गाण्यांपुढे सहा नोंदी आहेत: 'ऑक्टोपस'चे पहिले दोन टेक एकत्र, 'इट्स नो गुड ट्राइंग'चा (म्हणजे 'नो गुड ट्राइंग'चाच) पाचवा, 'लव्ह यू'चा पहिला आणि तिसरा, 'शी टूक अ लाँग कोल्ड लुक अॅट मी'चा चौथा आणि 'गोल्डन हेअर'चा पाचवा.

हे उरलंसुरलं ऐकून काय मिळतं? भरती करून सीडी विकायचा धंदा नाही का?

बऱ्याच अल्बमांच्या बाबतीत असेलही. इथे नाही, आणि मला या अल्बमबद्दल जे सांगायचं आहे ते मुख्यतः याच प्रश्नात आहे.

'इट्स नो गुड ट्राइंग'चा पाचवा टेक घ्या. मूळ गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, हा टेक सहा मिनिटांच्या पुढे जातो. वर सॉफ्ट मशीनची साथ नाही, त्यामुळे सिडचा हात उघडा ऐकू येतो. ओळी त्याच, पण दोन ओळींमधलं अंतर वेगळं आणि गिटार रेंगाळण्याच्या जागाही निराळ्या. मग लगेच 'लव्ह यू'चे दोन टेक लागोपाठ ऐका. हे गाणं शब्दांनी ठासून भरलेलं, जिभेची परीक्षा बघणारं. घसरणाऱ्या माणसाचे शब्द तरी गळतील, अडखळतील. इथे तसं होत नाही. दोन्ही वेळा तो सगळी अक्षरं नीट बसवतो, फक्त वेगळ्या जागी.

म्हणजे तो चुकत होता आणि पुन्हा प्रयत्न करत होता, हे चित्र पुरेसं नाही. दर वेळी तो गाणं नव्याने मांडत होता. आपल्याकडे एकच बंदिश दोन मैफलींत सारखी आली तर उलट आपण नाक मुरडतो. 1969 च्या लंडनमधल्या स्टुडिओची रीत वेगळी होती. तिथे एक टेक पक्का करायचा, बाकीचे त्याच्या बरहुकूम वाजवायचे, वर साथ चढवायची. त्या रीतीत असा माणूस बसत नव्हता, म्हणून त्याचे साथीदार आणि निर्माते दमले. दमणं साहजिकच होतं. पण नुसता मूळ अल्बम ऐकून हे कळायला मार्ग नव्हता, कारण प्रत्येक गाण्याचं एकच रूप समोर होतं. दुसरं रूप समोर आल्यावर पहिल्याकडे बघण्याची तऱ्हा बदलते.

सगळेच टेक तितके मोलाचे नाहीत. 'ऑक्टोपस'चे दोन म्हणजे बरीचशी सुरुवात-आणि-थांबणं, ते एकदा ऐकलंत तरी पुरे.

मग आधी काय ऐकायचं?

मूळ 13, सलग. 'लेट नाइट' संपलं की थांबा. तो शेवट म्हणून बसवलेला शेवट आहे आणि सीडी पुढे चालू राहिली तर त्याचा परिणाम पार धुऊन जातो. सहा टेक दुसऱ्या दिवशी ऐका. ऑनलाइन ऐकणार असाल तर शीर्षकापुढे 'टेक' असं लिहिलेलं दिसलं की समजा, तो भाग नंतर जोडलेला आहे.

2010 चीही एक आवृत्ती आहे ना?

ती निवडक गाण्यांचं संकलन आहे, 'अॅन इंट्रोडक्शन टू सिड बॅरेट'. त्यात 'ऑक्टोपस', 'हिअर आय गो' अशा काही गाण्यांचं मिश्रण गिल्मरच्या देखरेखीखाली नव्याने झालं. आवाज स्वच्छ आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिकडे वळू नये. सोबत डाउनलोड म्हणून 1968 मधलं 'ऱ्हामदान' हे वीस मिनिटांचं वादन दिलं होतं. पीटर जेनरच्या सत्रांत काय चाललं होतं याची उत्सुकता असेल तर ते जरूर ऐका.

जुन्या बाजारात एलपी मिळेल का?

बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेत चक्कर मारायला हरकत नाही, पण तिथल्या ढिगांत बहुतेक हिंदी चित्रपटसंगीत आणि मराठी नाट्यगीतं-भावगीतं असतात. सिड बॅरेट हाती लागेल या आशेवर राहू नका. परदेशातून कोणी येणार असेल तर मागवा, नाहीतर सीडी चांगली. सहा टेक तिच्यावर आहेत, एलपीवर नाहीत.

एलपी मिळालीच तर पुण्याच्या पावसाळ्यात जपा. जुलै-ऑगस्टमध्ये कव्हरला आणि आतल्या कागदी पिशवीला बुरशी धरते, मग ती खाचांत उतरते आणि कुरकुर कायमची बसते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकून नकोत. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि आतली कागदी पिशवी बदलून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घाला.

शब्द कळत नाहीत. अर्थ वाचून यावं का?

नको. सिडचे शब्द पुष्कळदा नादासाठी एकमेकांशेजारी येतात. आमचे काका शब्दांचा कागद हातात न घेता ऐकतात आणि 'डार्क ग्लोब'नंतर बराच वेळ गप्प असतात.

हा आवडला तर पुढे काय?

'बॅरेट' साहजिकच, तो जास्त सुबक आहे आणि मला किंचित कमी आवडतो. पण त्याआधी 'ओपेल' या संकलनातलं त्याच नावाचं गाणं ऐका. ते एप्रिल 1969 मध्ये जोन्सच्या सत्रात झालं होतं, म्हणजे 'टेरापिन'च्याच दिवसांत. साडेसहा मिनिटांच्या आसपास, एकटं गिटार आणि आवाज, आणि शेवटाकडे एकच विनवणी पुन्हा पुन्हा लांबवत नेलेली. ते 'मॅडकॅप'मध्ये घेतलं नाही आणि 1988 पर्यंत कपाटात पडून राहिलं. 'फील'च्या किंवा 'इफ इट्स इन यू'च्या जागी ते असतं तर दुसरी बाजू कुठल्या कुठे गेली असती. बैठकीत आम्ही ते हल्ली वेगळं लावतो, चहा झाल्यावर.